जिवंत बाईच्या फोटोवरचा हार

मी हार बोलतोय. देवाच्या, नवरदेवाच्या किंवा निवडून आलेल्याच्या गळ्यात पडतो तो हार मी नव्हे. ते सगळे फुलांचे, त्यांचं आयुष्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी फोटोवरचा हार. मी ज्या घरी जातो, तिथलं रडणं बहुतेक आधीच आटोपलेलं असतं.

लोक मला चंदनाचा हार म्हणतात. आता तुमच्यापासून काय लपवायचं? चंदनाचं झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. कुठल्याशा हलक्या लाकडाची, रंध्याखालून निघालेली पातळ सालपटं, तोच मी. दक्षिणेकडच्या एका गावात एका बाईने ती बोटांनी वळली, दोऱ्यात ओवली आणि वरून वासाचं पाणी शिंपडलं. झालो मी चंदनाचा. प्लास्टिकच्या पिशवीत बसून आलो वर्ध्याला, लक्ष्मणरावांच्या दुकानात.

लक्ष्मणराव म्हणजे पूजेच्या सामानाचे जुने दुकानदार. शाळा चौथीत सुटली, बाकीचं गिऱ्हाइकांकडून शिकले. त्यांच्या गादीमागच्या खिळ्याला टांगल्या टांगल्या मीही शिकलो. तेव्हा माझ्या बोलण्यात दुकानदारी आली तर पोटात घाला.

त्या खिळ्यावरून माणूस फार छान दिसतो. सासऱ्याच्या फोटोसाठी हार घ्यायला आलेली सून घरून माप आणत नाही. दोन्ही हात पसरून हवेत दाखवते, "एवढा हाय फोटो." प्रत्येक हाराबरोबर हवेतला सासरा लहान-मोठा होत राहतो. सेलूकडचा एक पुतण्या तर काका दवाखान्यात असतानाच हार घेऊन गेला. म्हणे, नंतर धावपळ नको. काका खडखडीत बरा होऊन घरी आला आणि त्याला कपाटात हार सापडला. स्वतःच दुकानात आला परत करायला! लक्ष्मणराव हात जोडून म्हणाले, "काकाजी, समई परत घेतो, घंटी परत घेतो, पन हे नाई घेत. ठेवा घरात, कधी ना कधी लागतेच." काका हसला. पण पायरी उतरण्याआधी चिमूटभर अंगारा मागून घेतला.

अशी चेष्टामस्करी चालायची. मरणाच्या मालावर बसून माणूस किती मोकळा हसतो, याचं मला नवल वाटायचं. मग एके दिवशी वेदश्री आली.

वेदश्री म्हणजे खांद्याला मोठी झोळी लावलेली, गोड बोलणारी तरुण मुलगी. एका संस्थेसाठी फिल्म बनत होती आणि ती तिथे मदतनीस होती. कॅन्सरबद्दल जागृती करायची, त्यासाठी पेशंटच्या खऱ्या गोष्टी घ्यायच्या आणि गावोगावी पडद्यावर दाखवायच्या, असं ते काम. चांगलंच काम. मी आजही त्याला वाईट म्हणत नाही.

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. लक्ष्मणरावांनी नेहमीप्रमाणे आवाज खाली आणला.

"कोन गेलं, बाई?"

"कोणी नाही हो काका. शूटिंगसाठी पाहिजे."

"अस्सं. फोटो कोनाचा?"

"एका पेशंटचा. देवळीच्या आहेत."

"म्हंजे त्या बाई वारल्या?"

"नाही नाही. त्या छान आहेत. फक्त फिल्ममध्ये नसतील."

लक्ष्मणरावांचा हात माझ्यापर्यंत येऊन थांबला. "त्याहिले मालूम हाय का?"

वेदश्री झोळीत काहीतरी शोधायला लागली. "सर सांगतील त्यांना."

"पोरी, कागदाचा लाव. दिसते तसाच."

"कॅमेऱ्यात फरक कळतो, काका."

लक्ष्मणरावांनी मला खिळ्यावरून काढलं. गिऱ्हाइकाला त्यांनी कधी रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी गादीवर पाणी शिंपडून घेतलं असेल नसेल, मी तोवर झोळीत होतो.

देवळीत जयवंताबाईचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला दोरी, दोरीवर बायकांचे ब्लाऊज. जयवंता ब्लाऊज शिवायची. नवरा कैलास कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. चार वर्षांपूर्वी आंघोळ करताना जयवंताच्या हाताला छातीत गाठ लागली. तिने त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं. पंधरा दिवसांच्या आत ती मोठ्या हॉस्पिटलात होती. एक बाजू काढावी लागली. केस गेले, परत आले, आणि परत आले ते कुरळे आले. कैलास तिला प्रत्येक वेळी मोटरसायकलवर घेऊन गेला, आत ती सलाईनवर आणि बाहेर हा झाडाखाली, घरून आणलेला डबा तसाच धरून. आता ती ठणठणीत होती. हे सगळं मला नंतर कळलं, तिच्या मशीनशेजारी राहून.

फिल्मवाल्या श्रीनिवास सरांना हीच गोष्ट तिने कॅमेऱ्यासमोर बसून सांगितली होती. सर म्हणजे शांत, सभ्य माणूस, ऐकताना त्यांचे डोळे भरून यायचे. पण जयवंताने गोष्ट दिली ती जगासाठी नव्हे. ती एकाच बाईसाठी दिली होती, हे सरांना ठाऊक नव्हतं.

ती बाई म्हणजे शेजारची पंचफुला. त्या दिवशी ती शूटिंग पाहायला आली होती आणि मी झोळीतून दोघींचं ऐकत होतो.

"गेली का मंग दवाखान्यात?" जयवंताने दबक्या आवाजात विचारलं.

"जातो ना. पोराचं लगन होऊ दे."

"सहा महिने झाले तुले जातो जातो करून. मापं घेताना तूच मले हात लावून गाठ दाखवली. लगन काय दवाखान्यात गेल्यानं मोडते?"

"मोडते, माय. आदेशले पाहाले आलेल्या लोकायले कोनी सांगितलं का याच्या मायले कॅन्सर हाय, तं ते चहाही घेत नाई. आन् दुखत तं काईच नाई मले."

"मले तरी कुठं दुखत होतं? मायं तं तू आयकत नाई. आता पडद्यावर आयकजो. तिथं तरी तुयाच्यानं तोंड फिरवता येनार नाई."

"तू पडद्यावर येनार म्हनते, पावडर तं लाव बाई! अशीच बसली होती का त्यायच्यासमोर?" पंचफुला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

थोड्या वेळाने सर जयवंताला घरामागच्या वावराकडे घेऊन गेले. पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या पिकातून, चालतानाचं एक दृश्य घ्यायचं होतं. पंचफुलाही मागोमाग गेली. घर रिकामं झालं, तसं वेदश्रीने मला झोळीतून काढलं. जयवंताचा मोठा केलेला फोटो त्यांनी आणलाच होता. तो देव्हाऱ्याजवळच्या भिंतीवर टांगला, वर मला घातलं, खाली दिवा ठेवला आणि झोळीतल्या छोट्या कॅमेऱ्याने ते टिपून घेतलं.

मी शेकडो भावंडांना मेलेल्यांच्या फोटोंवर जाताना पाहिलं आहे. पण ज्या फोटोवर मी चढलो, ती बाई तेवढ्यात बाहेरून ओरडत होती, "अवो कॅमेरावाले भाऊ, हळू चाला, काटा रुतन!" तिचा आवाज खिडकीतून आत येत होता आणि मी तिच्या गळ्यात मेल्यासारखा लटकलो होतो. मला आवाज असता तर मी तेव्हाच बोललो असतो. आज बोलतोय, त्याचा कोणाला उपयोग नाही.

पावलं वाजली. वेदश्रीने घाईघाईने फोटो काढून चादरीत गुंडाळला आणि मला मशीनखालच्या चिंध्यांच्या खोक्यात कोंबलं. मग जायच्या गडबडीत विसरली. दुसऱ्या दिवशी जयवंताला मी सापडलो. तिने मला नाकाजवळ नेलं, झटकलं आणि कैलासला म्हणाली, "त्यायच्या पूजेचा राह्यला वाटते. फिल्लम दाखवाले येतीन तवा देऊन देऊ."

काही महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला देवळीच्या मैदानात पडदा लागला. जयवंताने नवीन लुगडं नेसलं, पंचफुलाचा हात धरून तिला अगदी पुढे नेऊन बसवलं. मला परत करायचं म्हणून पिशवीत घेतलं होतं. पिशवी तिच्या मांडीवर, तोंड उघडं. मी सगळं पाहिलं.

सुरुवात छान होती. जयवंता पडद्यावर बोलायला लागली तशा बायका कुजबुजल्या, "अवो, आपली जयवंता!" पंचफुला कान देऊन ऐकत होती. मग जयवंताचं तोंड हलत राहिलं आणि आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी यायला लागला. जड, दुःखी, पुस्तकी. तो आवाज सांगत होता की जयवंताने दोन वर्षं गाठ लपवली. पडद्यावर एक नवरा आला. तोंडात तंबाखूचा खर्रा, खाटेवर पाय पसरलेला. म्हणतो, "काही होत नाही तुला, स्वयंपाक कर." तो कैलास. म्हणजे कैलासच्या जागी आणलेला कोणीतरी. मग पऱ्हाटीतून चालत जाणारी जयवंता पाठमोरी दिसली, लहान लहान होत गेली. मग भिंत. फोटो. मी. दिवा. आणि अक्षरं: तिने उशीर केला. तुम्ही करू नका.

 मग मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "अवो जयवंता, तू तं मेली वो!"

आणि हशा पिकला. "तेरवी केव्हा हाय?" "बुंदी ठेवजो बरं का, नुसत्या वरनभातावर नाई भागवत!" जयवंताही आधी हसली. तिला वाटलं असावं, पुढे अजून काही असेल. प्रोजेक्टर बंद झाला, तशी ती उठली आणि सरांपाशी गेली. मी तिच्या मुठीत होतो.

"सर, मी तं पंधरा दिवसात गेलती."

सर तिला बाजूला घेऊन मृदूपणे म्हणाले, "ताई, मला माहीत आहे. पण समजून घ्या. बाई बरी झाली असं दाखवलं, की लोक म्हणतात, चला, बरं होतं, मग घाई कशाला. भीती वाटली तरच लोक तपासायला जातात. तुमच्या मरणाने शंभर जणी वाचतील."

"पन मी मेली नाई."

"तुम्ही एक प्रतीक आहात, ताई."

"आन् माया नवऱ्याले काऊन तसा दाखवला? त्यानं तं मले एक दिवस एकटं सोडलं नाई."

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे ओले केले आणि पडदा गुंडाळणाऱ्यांना हाक मारली. मला परत द्यायचं राहूनच गेलं. ती मला मुठीत धरूनच घराकडे निघाली.

वाटेत पंचफुला खाली मान घालून चालत होती. जयवंता तिच्याकडे पाहत होती. हशा झाला, फजिती झाली, ते चालून गेलं असतं. या एका बाईवर काय परिणाम झाला, तेवढंच तिला पाहायचं होतं. शेवटी पंचफुला थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ येऊन म्हणाली, "जयवंता, मले काऊन नाई सांगितलं? दोन वर्षं लपवलं तू?"

"नाई वो! ते त्यायनं घातलं. पंधरा दिवस. तुले मालूम नाई का?"

"राह्यदे. मी कोनाले सांगत नाई. मलेही पंधरा दिवसच सांगत गेली तू, मी पटापट जावं म्हनून."

"अवो, जसं मरनं खोटं तसं तेही खोटं!"

"मरनं खोटंच हाय, तू समोर उभी हाय ना. मरनं त्यायले लोकायले भेव दाखवाले लागते. पन एवढी शिकली-सवरली मानसं तुयं लपवनं काऊन बनवतीन? त्यात त्यायचा काय फायदा?" पंचफुलाचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सैल झाला होता. "दोन वर्षं लपवून तू अशी टुणटुणीत. मायं तं वर्षही नाई झालं. लगन होऊ दे, मंग जाऊ आपन दोघी. तूच चालजो मायासंगं."

मी अनेक गिऱ्हाइकं पाहिली, पण असा सौदा पाहिला नाही. अर्धं पडद्यावरचं घेतलं, अर्धं समोरचं घेतलं, दोन्ही जोडलं आणि समाधानाने घरी गेली. जयवंताने त्या गल्लीत तिच्यापुढे आपल्या देवाची शपथ घेतली, कैलासची घेतली. पंचफुला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लाजलेल्या माणसाची समजूत काढावी तशी.

दुसऱ्या दिवसापासून जिनिंगमध्ये कैलासला चहाबरोबर टोमणे मिळायला लागले. "काऊन रे, बायकोले दवाखान्यात नेत नाई काय तू?" घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मायी गाडी तरी दाखवाची होती."

जयवंता गप्प बसणारी नव्हती. केळझरला फिल्म दाखवणार आहेत असं कळलं, तशी ती एसटीने तिथे गेली. मला घेऊन गेली, पुरावा म्हणून. फिल्म संपल्यावर ती पडद्यासमोर उभी राहिली, मला वर धरलं आणि ओरडून म्हणाली, "ते मीच होय! मी जिवंत हाय, मी लवकर गेलती म्हनून जिवंत हाय!" तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. लोक पाहत राहिले. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "बहीण दिसते तिची. किती सारखी हाय! दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं." त्यांनी तिला खाली बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि दोन बायका तिला एसटीपर्यंत सोडायला आल्या. फार माया केली. बसमध्ये ती मला मांडीवर घेऊन वर्ध्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

वर्ध्याला उतरून ती मला लक्ष्मणरावांच्या दुकानात घेऊन आली. "दादा, हा तुमचाच ना? परत घ्या. मायावाला हाय, पन मले अजून लागत नाई." लक्ष्मणरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे.  हात जोडून म्हणाले, "बाई, विकाले नको होता मी." तिने मला पुन्हा पिशवीत टाकलं.

आदेशचं लग्न थाटात झालं. वरातीत पंचफुला बँडपुढे नाचली. तिच्या अंगात जयवंताने शिवलेलं ब्लाऊज होतं, डावी बाजू दोनदा उसवून सैल केलेलं. सून घरात आली, पहिला सण झाला, दुसरा झाला. मग एकदा पंचफुलाची पाठ दुखायला लागली, ती राहीचना. आता मात्र तिने शब्द पाळला. जयवंताला घेऊनच गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पाठीचे फोटो काढले, छातीतला आजार हाडांत उतरलेला पाहिला, आणि जयवंताला बाहेर नेऊन विचारलं, "इतके दिवस काय करत होत्या ह्या?"

काय सांगणार? फिल्म पाहत होत्या, असं सांगायचं?

उपचार चालू आहेत. डॉक्टर आता बरं होण्याचं बोलत नाहीत, दुखणं कमी ठेवण्याचं बोलतात. पंचफुला खाटेवर असते. जयवंता रोज दुपारी मशीन बंद करून तिच्याकडे जाऊन बसते.

गेल्या आठवड्यात श्रीनिवास सर आले. फिल्मला कुठेसं बक्षीस मिळालं होतं, संस्थेला आणखी एक हवी होती. जयवंताच्या दारात उभं राहून म्हणाले, "ताई, ऐकलं तुमच्या शेजारणीचं. फार वाईट वाटलं. त्यांनी बोलायची तयारी दाखवली तर पुष्कळ जणींना उपयोग होईल."

"सर, मागच्या फिल्लमनं किती बाया तपासाले गेल्या?"

"ताई, तुम्ही पाहायला हवं होतं! ठिकठिकाणी बायका रडल्या."

"रडल्या हो. गेल्या किती?"

सर म्हणाले, तशी पाहणी अजून झालेली नाही.

जयवंता त्यांना हाकलून देणार होती. पण भिंतीपलीकडून पंचफुलाने ऐकलं होतं आणि तीच हाक मारत होती, "येऊ दे वो त्यायले. मले बोलाचं हाय." जयवंता गेली. जाताना तिने मला खोक्यातून काढलं आणि पदराखाली घेतलं, सरांच्या पुढ्यात टाकायला.

वेदश्रीने पंचफुलाच्या पदराला माईक लावला. या वेळी ती कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हती. पंचफुला उशीला टेकून बसली, केसांवरून हात फिरवला आणि सुनेकडून पावडर मागवून लावली.

"घ्या, सर, मायी गोष्ट. म्या गाठ लपवली. मायीच चूक हाय, सगळं सांगतो. काईच झाकत नाई. पन एक काम करा मायं."

"सांगा ना, ताई."

"शेवटी मले जगवा. दवाखान्यातून घरी आली, सुनेसंगं बसून भाकरी खाऊन राह्यली, असं काईतरी दाखवा. नातू झाला तं त्याले पाहाले भेटन ना, का आजी अशी होती."

सर हेलावले. खरंच हेलावले, मी खोटं सांगत नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अतिशय हळू, अतिशय आदराने म्हणाले, "ताई, तसं नाही करता येणार. ते खोटं होईल."

पदराखाली जयवंताची मूठ माझ्यावर अशी आवळली की माझी दोन सालपटं तुटली.  पण बोलली पंचफुला.

"मंग इले काऊन मारलं?"

 वेदश्रीने पुढे होऊन पंचफुलाच्या पदराचा माईक काढून घेतला. सरांनी तिला काढायला सांगितलं नव्हतं.

मी आता जयवंताच्या चिंध्यांच्या खोक्यात असतो. वास कधीच उडाला आहे, दोन जागी तुटलो आहे. मेलेल्याच्या फोटोवर मला कोणी घालणार नाही, कारण मी जिवंत बाईवर चढून आलो आहे. देवाला तर नाहीच नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्याशी मात्र शेवटचं एक बोलून घेतो, धंद्यातल्या माणसासारखं, घासाघीस न करता. तुमच्या गावात पडदा लागेल, त्यावर एक बाई पऱ्हाटीतून चालत जाईल आणि मग भिंतीवर मी दिसेन. तेव्हा रडत बसू नका. ती बाई देवळीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, तुमचं ब्लाऊज शिवायला बसली आहे. तिने काही लपवलं नव्हतं. ती पंधरा दिवसांत गेली होती. कुठे गाठ लागली असेल तर उद्याच्या पहिल्या एसटीने निघा, आणि जाताना पंचफुलाच्या दारावरून जा. ती अजून आहे. कोण कोण तपासायला चाललं, हे पाहायला ती खाट दाराशी ओढून घेते.